खाट ते संडास, चौदा मीटर : कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. येळ्ळूर, बेळगावजवळ

काल आईला घरी आणलं. उजवा खुबा मोडला होता. मांडीचं हाड, अगदी वरच्या टोकाला. ११ तारखेला ऑपरेशन झालं, आत रॉड घातला. वय ७१. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन सोसेल तेवढा भार पायावर द्यायला हरकत नाही. दवाखान्यातून निघताना कुणीतरी दहा मिनिटं वॉकर कसा धरायचा ते दाखवलं, हातात कागद दिला, झालं.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे. हातात व्हर्निअर आणि समोर जॉब कार्ड नसेल तर मला काही सुचत नाही. म्हणून मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आहे. घरात चेष्टा चालली आहे, चालू दे.

कशी पडली : पंचमीच्या आदल्या रात्री, दोनच्या सुमाराला, मागच्या दारातून परड्यात उतरताना. संडास परड्यात आहे. पाऊस लागला होता, पायरीवर शेवाळ, दिवा नाही. 'कारण' या रकान्यात लिहिलं : निसरडं.

(नंतर घातलेली ओळ : हे कारण अर्धंच होतं. १६ सप्टेंबर बघा.)

१९ ऑगस्ट

कामावरून आल्यावर टेप लावली.

खाटेपासून संडासच्या दारापर्यंत चौदा मीटर. वाटेत माजघराचा उंबरा ९० मि.मी., न्हाणीजवळच्या मागच्या दाराचा ६०. मग परड्यात उतरायला दोन पायऱ्या, एक १५० आणि एक १९०. या घरात मी जन्मलो. पन्नास वर्षं उतरतोय, पण त्या दोन पायऱ्या सारख्या नाहीत हे आज टेप लावल्यावर कळलं. पायाला ते माहीत होतं, मला नव्हतं. म्हातारपणी पायच विसरतो.

खाट ३८० उंच. त्यावर कापसाची गादी, माणूस बसलं की ३४० वर येते. आईच्या गुडघ्याची मागची घडी जमिनीपासून ४१०. म्हणजे खाटेवरून उठायचं तर आधी खड्ड्यातून वर यायचं. दोन धडधाकट पायांनी हे जमतं. एका पायात रॉड असताना नाही.

२१ ऑगस्ट

फिजिओ मॅडम आल्या. शहरातून स्कूटरवर येतात, एका भेटीचे ४०० रुपये. पहिले तीन आठवडे आठवड्यातून तीनदा, मग कमी. मॅडम कन्नड. मराठी सगळं समजतं, बोलताना अडतं. आईचं नेमकं उलट : बाजारापुरतं कन्नड समजतं, बोलायचं म्हटलं की लाजते. पण 'सावकाश' हा शब्द दोन्हीकडचा निघाला. 'सावकाश एळ्री' म्हटलं की आई सावकाश उठते. पहिल्या दिवशी तेवढ्यावरच काम भागलं.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, काय करायचं आहे? आम्ही तिघांनी एका सुरात सांगितलं, पूर्वीसारखं चालायचं आहे. आई गप्प. मी चहा सांगायला आत गेलो तेव्हा तिने मॅडमना हळूच सांगितलं : रात्री एकटीनं संडासला जायचंय. लेकाला हाक मारून उठवायचं आणि मग त्यानं दाराबाहेर उभं राहायचं, हे नको.

मॅडमनी जाताना मला एवढंच सांगितलं. वहीच्या पहिल्या पानावरचं 'पूर्वीसारखं' मी खोडलं आणि जॉब लिहिला : रात्री दोन वाजता, एकटीनं, खाट ते संडास आणि परत.

आजचे व्यायाम पडल्या पडल्या करायचे : पावलं वरखाली वीस वेळा, दर तासाला (पडून राहिल्यावर पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून), गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणं, टाच गादीवरून सरकवत गुडघा मोडणं. मग खुर्चीवर बसणं.

२४ ऑगस्ट

वॉकरची उंची चुकलेली होती. दवाखान्यातून आला तसाच वापरत होतो. हात सैल सोडून उभं राहिलं की मनगटाच्या घडीशी मूठ यायला हवी, कोपर जरा वाकलेलं. आईच्या मनगटाची घडी ७६०, वॉकर ८३५ वर. बिचारी चार दिवस खांदे कानाला लावून चालत होती आणि आम्ही म्हणत होतो, ताठ राहा की जरा. तीन भोकं खाली घेतला.

खाटेसाठी शॉपमध्ये चार खुराखाली घालायचे डबे टर्न केले. नुसता लाकडी ठोकळा ठेवला तर खूर सरकू शकतो, म्हणून वर ३० मि.मी. खोल खाच दिली, खूर आत बसतो. कापसाच्या गादीखाली प्लायवूड टाकला. आता बसल्यावर ४७० भरते. आई टाचा टेकवून बसली आणि पहिल्यांदा कुणी न धरता उठली. अर्थात खाटेची कड दाबून. वॉकरला धरून उठायचं नाही, तो कलंडतो. उठायचं ते बुडाखालच्या गोष्टीला रेटा देऊन, हात वॉकरवर नंतर.

उठण्याची रीत मॅडमनी अशी सांगितली : कडेला सरका, पावलं मागे घ्या, नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे न्या, मग रेटा. मुलीने करून बघितलं. नाक मागे ठेवून तिलाही उठता येईना. घरातले सगळे अर्धा तास खुर्च्यांवर नाकं पुढे-मागे करत बसलो होतो.

३० ऑगस्ट

माणसांची ये-जा. मामा येऊन गेले, म्हणाले तीन महिने हलवू नका, हाड जुळू दे. शेजारच्या अक्कांनी कुठल्याशा तेलाची बाटली आणली. मामांशी वाद घालणं मला जमत नाही, ते आमच्या घरी वडीलधारे. मॅडमनीच सांगितलं, रॉड घातलाय तो चालता यावं म्हणूनच. पडून राहिलं की मांडीचं मांस उतरतं, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. खुबा मोडलेली म्हातारी माणसं हाडापेक्षा या पडून राहण्याने जास्त जातात. मामा म्हणाले, "बरं बरं." तेल आईने ठेवून घेतलं, डाव्या गुडघ्याला लावते.

चालणं : सोप्यातून माजघरापर्यंत, सहा मीटर, दोनदा. वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. आईने पायांची नावं ठेवली आहेत. उजवा वेडा, डावा शहाणा. "वॉकर, वेडा, शहाणा" असं पुटपुटत चालते.

७ सप्टेंबर

चतुर्थी. आरतीला उभी राहिली, वॉकर धरून, पूर्ण वेळ. बाकी काही नाही.

१२ सप्टेंबर

माझी चूक, सविस्तर लिहितो.

सकाळी कामावर जायची घाई. आई खुर्चीतून उठत होती, तिला वेळ लागत होता. मी उजव्या दंडाला धरून वर ओढली. उठली. संध्याकाळी खांदा धरून बसलेली. म्हणाली, "उठवूलास की पाडूलास मला?"

मॅडम चिडल्या. त्यांचं म्हणणं असं : दंडाला धरलं की तो हात वॉकरवरून सुटतो, म्हणजे चार पायांचा आधार जाऊन एका लेकाचा आधार राहतो. पाय घसरलाच तर सगळं वजन खांद्याच्या सांध्यावर येतं, आणि दंड धरून पडणारं माणूस थांबत नाही. त्यांनी कमरेला रुंद पट्टा बांधून दाखवला. मी दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, तळहात वर करून पट्टा धरायचा. ओढायचं नाही, उचलायचं नाही. काही झालं तर फक्त रोखायचं.

दुसरी गोष्ट त्या जे बोलल्या ती मला लागली. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही घरी असताना त्या किती वेळा उठतात आणि तुम्ही नसताना किती वेळा? मी बायकोला विचारलं. मी नसताना बारा-पंधरा वेळा. मी असताना चार. कारण मी असलो की पाणी मी देतो, चष्मा मी देतो, उशी मी सरकवतो.

शॉपमध्ये नवीन पोरगा आला की सिनिअर माणूस त्याच्या हातातला टूल काढून घेतो आणि स्वतः करून मोकळा होतो. सहा महिन्यांनी त्याच पोराला शिव्या, अजून येत कसं नाही म्हणून. मी त्याच जातीतला निघालो.

खांदा दुखतो म्हणून पाच दिवस वॉकर कमी. पाच दिवस मागे.

१६ सप्टेंबर

आज महत्त्वाचं.

सकाळी खाटेवरून उठताना आईला गरगरलं, परत बसली. मॅडम आलेल्या होत्याच. त्यांनी पडल्या पडल्या बीपी घेतलं : १३८. उभं करून एका मिनिटाने परत घेतलं : ११२. वरचा आकडा २६ ने खाली. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते नुसतं गरगरणं समजायचं नाही, पडण्याचं कारण समजायचं.

मग मी विचारायला लागलो. बीपीची गोळी कधी घेतेस? रात्री, दुधाबरोबर. कुणी सांगितलं? कुणी नाही, सकाळी विसरते म्हणून. पंचमीच्या त्या रात्री उठलीस तेव्हा कसं वाटलं? "डोळ्यापुढं काळं आलं, मग पाय सरकला." हे आधी का नाही सांगितलंस? "तुम्ही विचारला कुठं. सगळे शेवाळ शेवाळ म्हणत होता."

शॉपमध्ये जॉब रिजेक्ट झाला की 'का' असं पाच वेळा विचारायची पद्धत आहे. मी एकदाच विचारलं आणि मला हवं ते उत्तर मिळाल्यावर थांबलो. शेवाळ होतंच, पण शेवाळावरून ती दोन वर्षं उतरत होती.

संध्याकाळी तिला घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळीचा डोस आणि वेळ बदलून दिली. शिवाय त्यांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या ठिसूळपणाच्या औषधाबद्दल सांगितलं. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडतो म्हणजे हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं, दुसरं मोडायच्या आत ते बघायला हवं. ही गोष्ट दवाखान्याच्या कागदावर कुठेच नव्हती. कागद मी तीनदा वाचला.

नवा नियम, भिंतीवर चिकटवला : उठून कडेला बसायचं, पावलं वीस वेळा वरखाली, मग उभं, उभं राहून दहा आकडे, मगच पाऊल. दहा आकडे आई आता कन्नडमध्ये मोजते. ओंदु, एरडु, मूरु. मॅडम व्यायाम तसेच मोजतात ना, तेच बसलं तोंडात. चाळीस वर्षांत बाजाराने शिकवलं नाही ते खुब्याने शिकवलं.

२२ सप्टेंबर, रविवार

परड्याचं काम. पाऊस उघडला होता.

उतार करायचा विचार सोडला. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा हिशेब. मागच्या दारापासून परड्याची जमीन ३४० खाली, म्हणजे चार मीटर उतार. तिथे चार मीटर जागा नाही, पेरूचं झाड आहे. पेरू तोडायला आईची परवानगी नाही, मी विचारलंही नाही.

म्हणून दोनच्या तीन पायऱ्या केल्या. ३४० भागिले तीन, ११३. तिन्ही सारख्या, दोन मि.मी.च्या आत. गवंडी हसत होता. प्रत्येक पायरी ६०० खोल, कारण वॉकरचे चारही पाय एका पायरीवर मावले पाहिजेत, आणि आईसुद्धा. सिमेंट ओलं असताना खराट्याने आडव्या रेघा ओढल्या. कडेला पिवळा पट्टा.

मागच्या दाराचा ६० चा उंबरा काढला आणि सपाट केला. माजघराचा नाही. तिथे सागवानी उंबरा आहे, आजोबांच्या काळचा. त्याला करवत लावायची भाषा काढली तेव्हा आई वॉकर आपटून म्हणाली, "मी मेल्यावर काप." दोन्ही बाजूंना फळ्यांचा छोटा उतार केला, सुटा, खाली रबर. उंबरा तसाच. मला वाटतं तिचंच बरोबर. रोज नव्वद मि.मी. पाय उचलणं हा व्यायामच आहे, हे मॅडमही पुढे म्हणाल्या.

२९ सप्टेंबर

कठडा बसवला आणि उपसला.

शॉपमध्ये दीड इंची पाइपचे तुकडे पडून होते, फुकट. वेल्ड करून आणले, रंगवले, बसवले. आईने धरलं आणि म्हणाली, हात पुरत नाही. दीड इंची म्हणतात पण बाहेरून व्यास ४८. तिची मूठ मिटतच नव्हती, नुसता पंजा टेकत होता. घसरलं तर धरणार काय? एक इंची पाइप बाहेरून ३३.७ भरतो, तो नेमका मुठीत बसतो. रोज पाइप मोजणारा मी, मोजायची विसरलो ती मूठ.

दुसरी अडचण भिंतीची. जुनी भिंत माती-चुन्याची, फास्टनर फिरतच राहतो, धरत नाही. म्हणून भिंतीला काही लावलंच नाही, जमिनीत काँक्रीट करून खांब उभे केले. भिंत आणि पाइप यांत ४० मि.मी. अंतर. त्याहून जास्त ठेवलं तर तोल गेल्यावर हात मधल्या फटीत जाऊन अडकतो.

पावसात लोखंड गार आणि गुळगुळीत लागतं. वर सुती दोरी गुंडाळली. बायको म्हणाली, बैलगाडीच्या जूसारखं दिसतंय. दिसू दे.

६ ऑक्टोबर

संडास. देशी भांडं आहे, उकिडवं बसणं सध्या बंद. भांड्यावर ठेवायची खुर्ची आणली, बैठक ४७० वर. रबरी बूट बघून घेतले. आईचा पहिला प्रश्न छापण्याजोगा नाही. मथितार्थ असा की खुर्चीवर बसून माणसाला होणार कसं. दोन दिवस झालं नाही. तिसऱ्या दिवशी पायाखाली एक पाट दिला, गुडघे जरा वर आले, आणि झालं. घरात एवढा आनंद मुलीच्या निकालालाही झाला नव्हता.

चार्जिंगवर चालणारा बल्ब लावला, वीज गेली तरी जळतो. खाटेजवळ हात लावला की लागणारा दिवा. कडी वर होती, ती खाली घेतली. दार आता बाहेर उघडतं. आत माणूस पडलं आणि दार आत उघडणारं असलं तर दार त्याच माणसावर अडतं.

१२ ऑक्टोबर

दसरा. परीक्षा घेतली. हात असलेली लाकडी खुर्ची, तिथून तीन मीटरवर रेघ. उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. स्टॉपवॉच मुलीकडे. दोन कॅनेडियन बायांनी १९९१ मध्ये ही चाचणी छापली, तेव्हापासून जगभर हीच चालते, कारण हिला खुर्ची आणि घड्याळ सोडून काही लागत नाही. मला अशी गेजेस आवडतात.

२० सप्टेंबरला ३८ सेकंद होते. आज २६. बारा सेकंदांच्या वर असेल तर पडायचा धोका आहे असं धरतात. आईला आकडा सांगितला नाही, तिने मुलीकडून काढून घेतला.

मॅडमचं लक्ष घड्याळाकडे नव्हतंच, वळण्याकडे होतं. आई एका पायावर गर्रकन वळते. छोटी छोटी पावलं टाकत अर्धा गोल करायचा, असं रोज दहा वेळा.

२० ऑक्टोबर

काठी. घरात आणि सपाटीवर फक्त, बाहेर अजून वॉकरच.

काठी डाव्या हातात. म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध. गावात जो तो येऊन सांगतो, उजवीकडे धर की, दुखणं उजवीकडे आहे. मला मॅडमनी पाटीवर काढून दाखवलं तेव्हा पटलं, कारण ती सरळ तरफ आहे. उजव्या पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन डावीकडे कलतं, ते सावरायला खुब्याबाहेरचा स्नायू जोरात खेचतो. त्याचा हात आखूड, म्हणून जोर कितीतरी जास्त. डाव्या हातातली काठी खुब्यापासून लांब टेकते, थोडासा रेटाही त्या स्नायूचं बरंच काम उचलतो. मी हे आकृतीसह तात्यांना समजावलं. तात्या म्हणाले, "पण दुखणं उजवीकडं आहे न्हवं?"

तो स्नायू अजून कच्चा आहे. उजव्या पायावर भार आला की डावी कंबर खाली पडते. स्वयंपाकाच्या कट्ट्याला धरून पाय बाजूला उचलायचा, दहाचे तीन फेरे. टाचा उचलणं. कट्ट्यावर भाजी निवडत निवडत हे करते. बसून निवडायची ती आता उभ्याने निवडते, हा बायकोचा शोध.

पायऱ्या : चढताना शहाणा आधी, उतरताना वेडा आधी. नावं ठेवल्यामुळे हे एकदाही चुकलेलं नाही.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन आणि एक नोव्हेंबर एकाच दिवशी. चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन, रस्ते बंद. मॅडम येऊ शकल्या नाहीत, फोनवर म्हणाल्या, आज तुम्हीच मोजा. आईने स्वतःच मोजलं. ओंदु, एरडु. बाहेर भाषेवरून काय चाललंय ते तिच्या गावीही नव्हतं.

दुपारी पाहुणे येणार म्हणून कुणीतरी वॉकर आणि काठी फडताळामागे ठेवली. बरं दिसत नाही म्हणून. आई खुर्ची, मग टेबल, मग दाराची चौकट असं धरत निघाली. मध्ये दीड मीटर काहीच नव्हतं. साडी नवी, निऱ्या लांब, सपाता मागून सुट्या. पाय निरीत अडकला. खाटेवर बसली, जमिनीवर नाही, एवढंच नशीब.

कुणी ठेवली ते विचारलं नाही. मीच ठेवली असण्याची शक्यता आहे. काठीला आता भिंतीवर खुंटी, खाटेपासून हाताच्या अंतरावर. साडी घोट्याच्या वर. सपाता बंद, मागे पट्टा असलेली चप्पल.

५ नोव्हेंबर

एक्स-रे. हाड छान जुळतंय म्हणाले.

१७ नोव्हेंबर

सुगी. भात कापून झालं, शिवारात मसुराची पेरणी. मी आठवडाभर रजेवर पण शेतात, वही बंद.

एक लक्षात आलं. चालताना तिला काही विचारलं की ती थांबते, उत्तर देते, मग चालते. मॅडम म्हणाल्या, सगळं ध्यान अजून चालण्यातच खर्च होतंय, म्हणून बोलायला थांबावं लागतं. उपाय : चालता चालता बोलायचं. मुलगी तिला परड्यात फिरवताना मांडे करायची कृती विचारते. कणीक किती तिंबायची इथपर्यंत चालत सांगितलं. मांडा हातावर कसा पसरायचा हे सांगताना दोन्ही हात वर केले आणि काठी पडली. हसत बसल्या दोघी.

न्हाणीच्या दाराशी मात्र अजून अडते. पायऱ्या तीन झाल्या, कठडा आहे, दिवा आहे, जोर आहे. खुर्चीतून तीस सेकंदांत दहा वेळा उठते. तरी त्या दाराशी येऊन उभी राहते आणि मागे बघते, कुणी आहे का. आम्ही कुणीतरी असतोच. तोच घोटाळा असावा.

८ डिसेंबर

आज पडायचा सराव. मामा ऐकून उठून गेले.

हाड जुळलं, डॉक्टरांनी होकार दिला, म्हणून मॅडमनी सोप्यात जाड सतरंजी घातली आणि आईला सावकाश खाली बसवलं. मग एकटीने उठायचं. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग गुडघे-हात टेकून रांगत खाटेपर्यंत, खाटेवर दोन्ही हात, शहाणा पाय पुढे, रेटा, आणि वळून बसायचं. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली आणि डोळ्यात पाणी. दुसऱ्यांदा चार.

दुसऱ्यांदा बसल्यावर म्हणाली, "म्हंजे पडलं तरी उठता येतंय." त्या रात्री पायरीवर चांगला दोन तास पडून होती ती. पावसाच्या आवाजात तिची हाक कुणाला आली नव्हती. हे मी या वहीत आजपर्यंत लिहिलं नव्हतं.

१५ डिसेंबर

न्हाणीच्या दाराशी थांबली नाही. दिवसा, मी अंगणात असताना. मागे बघितलं असेल तर मला दिसलं नाही.

२२ डिसेंबर

तीन मीटरची चाचणी, काठी घेऊन : १३.४ सेकंद. बारा झाले नाहीत. टाचेला अंगठा लावून उभी राहते सात सेकंद, दहा हवेत. मॅडम आता महिन्यातून एकदाच येणार.

गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे बेळगावात झालेल्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं, म्हणून शहरभर रोषणाई आहे. संध्याकाळी रिक्षाने दाखवून आणली. रिक्षात बसताना आधी बूड टेकवायचं, मग पाय आत. टिळकवाडीत उतरून काँग्रेस विहिरीपर्यंत चालली, वॉकर नव्हता. परत येताना कुंदा घेतला.

२९ डिसेंबर

रात्री दोन वाजून सात मिनिटांनी खाट करकरली.

मी पलीकडच्या खोलीत, जागा. दिवा लागला. मग काहीच आवाज नाही, म्हणजे पावलं वरखाली. मग उभी राहिली असणार, कारण पुटपुट सुरू झाली. ओंबत्तु, हत्तु. काठी, वेडा, शहाणा. उंबऱ्याशी फळी वाजली. मी पांघरूण बाजूला केलं आणि पाय खाली सोडले. बायकोने झोपेतच माझा शर्ट धरला. की झोपेत नव्हती, माहीत नाही. परत पडलो.

मागच्या दाराची कडी. थांबली नाही. तीन पायऱ्या, तीन ठोके, सारखे. संडासचं दार. मग बराच वेळ कुत्र्याचं भुंकणं तेवढं. मग पाण्याचा आवाज, दार, ठोके तीन, कडी, फळी, खाट. दिवा गेला. दोन वाजून सोळा.

सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "रात्री तुझं घोरणं मध्येच बंद झालंतं. तब्येत बरी हाय न्हवं?"

वेळ : ९ मिनिटं. मदत : नाही. जॉब कार्डावर सही करणार होतो. आईने वही मागितली, चष्मा लावून वाचली आणि विचारलं, मांडी घालून पंगतीला बसायचं कुठल्या पानावर आहे?